भूतानच्या सहलीत थिंपू-पारो सोडून पुनाखाला जाण्यात अर्थ आहे का? की एक दिवस वाया जातो?

अजिबात वाया जात नाही. उलट माझं ऐकाल तर एक रात्र तिथे मुक्कामच करा.

थिंपूहून साधारण तीन तास लागतात. वाटेत सुमारे ३,१०० मीटरवर दोचुला खिंड आहे, तिथे १०८ स्तूप आहेत. सकाळी लवकर निघालात आणि हवा स्वच्छ असली तर हिमशिखरांची रांग दिसते. मग घाट उतरत जाता तसे स्वेटर निघायला लागतात, कारण पुनाखा बरंच खाली आहे. भातशेतीचं गाव आहे.

पुनाखा झोंग फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर उभा आहे. भूतानला एकत्र आणणारे धर्मगुरू-राज्यकर्ते झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी तो १६३७-३८ मध्ये बांधला. किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी, तिन्ही एकाच वास्तूत! छताच्या लाकडी पुलावरून जाताना मध्ये थांबून खाली नक्की बघा, पाण्यात मोठाले मासे दिसतात. पुढे उभ्या चढाचा लाकडी जिना लागतो. आई-बाबा सोबत असतील तर हात धरा. आतल्या सभामंडपाला शंभर खांबांचा म्हणतात, प्रत्यक्षात खांब ५४ आहेत. पण त्या सोनेरी नक्षीपुढे मोजायचं भान राहत नाही.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, टोपी काढा. मंदिरात फोटो काढू देत नाहीत. वसंतात गेलात तर झोंगच्या भिंतीशी जांभळा जॅकरांडा फुललेला असतो.