नियोजित उपनगरात मुलांना घेऊन राहायला जाताना

तुमचा प्रश्न असा: मुलं सात आणि तीन वर्षांची. शहरातलं दाटीवाटीचं घर सोडून उपनगरातल्या नियोजित वसाहतीत जावं का? शाळा तिसऱ्या टप्प्यात होईल असं सांगितलंय, आणि तुमच्यापैकी एकाचा कामावर जायचा वेळ दुप्पट होणार आहे. मी बरीच वर्षं अशाच वसाहतीत राहतोय, मुलं इथेच मोठी झाली, रहिवासी संघाचं कामही केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक बघा. नऊ-दहा वर्षांचं मूल मोठं माणूस सोबत नसताना शाळेत, मैदानावर आणि मित्राच्या घरी चालत जाऊ शकेल का? जाऊ शकत असेल, तर त्या वसाहतीच्या बाकीच्या उणिवा निभावून नेता येतात. जाऊ शकत नसेल, तर घर कितीही ऐसपैस असलं तरी तुमच्या संध्याकाळी मुलांना गाडीतून सोडण्या-आणण्यात जातील.

अशा वसाहतींचा मूळ विचार हाच होता. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजनकाराने १९२९ मध्ये शेजार-वस्तीचा जो आराखडा मांडला, त्यात प्राथमिक शाळा मध्यभागी होती, घरापासून साधारण पाव मैलावर, म्हणजे चारशे मीटरच्या आसपास. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जायचे, आतून नाही. जागेचा दहावा हिस्सा बागा आणि मैदानांसाठी मोकळा. आजही कुठलाही नकाशा हातात आला की मी या तीन गोष्टी आधी शोधतो.

नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर यांत मात्र खूप फरक असतो. बंद टोकाच्या गल्ल्या मुलांसाठी चांगल्याच, कारण बाहेरची गाडी तिथे शिरत नाही. पण गल्लीच्या टोकाला पायवाट ठेवलेली नसेल, तर मागच्या गल्लीतल्या मित्राकडे जायलाही अख्ख्या वसाहतीला वळसा पडतो. आमच्याकडे कुंपणाच्या भिंतीला शाळेच्या बाजूने एक छोटं फाटक आहे. ते उघडं असलं की मुलं पाच मिनिटांत शाळेत. सुरक्षेच्या नावाखाली ते बंद झालं, तेव्हा तीच मुलं मुख्य प्रवेशद्वारातून बाहेर पडून हमरस्त्याच्या कडेने चालायला लागली. भिंतीवर पाय देऊन चढायच्या जागी रंग पार निघून गेला होता. शाळेच्या वेळात फाटक उघडं ठेवायचं आणि तिथे एक रखवालदार बसवायचा, एवढं ठरवून घ्यायला संघाच्या कित्येक बैठका खर्ची पडल्या. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा मोठ्या मुलाला बरोबर न्या, त्याच्या पावलाने शाळेपर्यंत चाला आणि अशी फाटकं खरोखर उघडी असतात का ते बघा.

रस्त्याची रुंदीही बघा. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता विकताना छान दिसतो, पण त्यावर गाड्या पळतात, मग ताशी ३० किलोमीटरची पाटी कितीही ठिकाणी लावा. गाडी ३० ऐवजी ५० च्या वेगाने धडकली, तर चालणाऱ्याच्या जिवाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराने यावर चांगला उपाय काढला: गल्लीतच झाडं आणि वळणं ठेवून गाडीला चालत्या माणसाच्या गतीवर आणायचं. तिथे १९७६ मध्ये अशा रस्त्यांना कायद्यानेही मान्यता मिळाली. वाहतुकीचा शेजारावर काय परिणाम होतो, हे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत मोजलं होतं. दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावरच्या लोकांना त्याच रस्त्यावर जेवढे मित्र होते, त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा मित्र सोळा हजार गाड्यांच्या रस्त्यावरच्या लोकांना होते. मला हे पटतं. आमच्या आतल्या गल्लीत सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, पुढच्या वर्दळीच्या रस्त्यावर ते फारसं नाही.

आता तिसऱ्या टप्प्यातली शाळा. जे उभं आहे तेवढंच गृहीत धरून निर्णय घ्या. न्यू जर्सीतलं रॅडबर्न हे मुलांना गाड्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या वसाहतींचं आद्य उदाहरण. पायवाटा बागेतून जाणाऱ्या, आणि रस्ता न ओलांडता पलीकडे जायला भुयारी वाट. १९२९ मध्ये लोक तिथे राहायला आले, त्याच वर्षी महामंदी सुरू झाली आणि योजलेल्या गावाचा छोटासा भागच बांधला गेला. जे बांधलं गेलं ते लोकांना आवडलं. तरीही उरलेल्या आराखड्याच्या भरवशावर कुणी घर घेतलं असेल, तर त्याच्या पदरी काय पडलं याचा विचार करा. तुमच्या बाबतीत शाळा तीन-चार वर्षं लांबली, तर मोठ्या मुलाची प्राथमिक शाळा तोवर संपलेली असेल. त्यामुळे सध्या चालू असलेली जवळची शाळा कोणती, तिथे जागा आहे का, हे आधी बघा.

बागा, पायवाटा, दिवे यांची मालकी शेवटी कुणाकडे जाणार, हे लेखी मागा. विकासक निघून गेल्यावर देखभाल कोण करणार यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. रहिवासी संघाच्या मागच्या बैठकांची इतिवृत्तं वाचायला मिळाली तर जरूर वाचा. माहितीपत्रकात नसलेलं बरंच काही त्यात सापडतं. नियमांची यादीही वाचा. मैदानावर चेंडू खेळायला बंदी असेल, तर ते मैदान तुमच्या मुलांसाठी नाही.

मुलं तेरा-चौदाची झाली की गरज बदलते. तेव्हा त्यांना झोपाळा नको असतो, वसाहतीबाहेर स्वतःच्या स्वतः जाता यायला हवं असतं. बस किंवा रेल्वे चालत गाठता येत नसेल, तर त्या वयात मुलं इथे फार कंटाळतात. माझ्या मोठ्या मुलीचं अगदी हेच झालं. धाकट्याच्या वेळी बस सुरू झाली होती, आणि फरक घरात रोज जाणवायचा.

कामावर जायच्या वेळेबद्दल मी कठोर आहे. दुप्पट वेळ म्हणजे एक पालक मुलं जागी असताना घरी नसणार, आणि सगळा भार दुसऱ्यावर पडणार. आठवड्यातले दोन दिवस तरी घरून काम करता येत असेल किंवा कामाच्या वेळा पुढे-मागे करता येत असतील, तर जा. नाहीतर याच पैशात शहराच्या जरा जवळ, थोडं लहान घर शोधा.

शक्य असेल तर आधी वर्षभर त्याच वसाहतीत भाड्याने राहा. तेही जमत नसेल, तर सुट्टी नसलेल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला जाऊन तासभर नुसते बसा. बाहेर किती मुलं दिसतात, त्यातली किती आई-बाबांशिवाय खेळतायत ते बघा, आणि एखाद्या आजी-आजोबांना विचारा की त्यांचा दिवस कसा जातो. काय दिसलं ते इथे लिहा, नकाशा असेल तर तोही टाका, मी बघून सांगतो.