तीनशे उत्तरे मिळाली, पण संशोधन झाले का?

प्रश्न : मी व्यवस्थापनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. विक्रीनंतर मोफत दुरुस्तीची सेवा दिल्याने ग्राहक टिकून राहतात का, या विषयावरील प्रकल्पासाठी मी एका कंपनीच्या ३०० ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घेतली. बहुतेकांनी सेवेबद्दल समाधान व्यक्त केले. तरीही माझे मार्गदर्शक म्हणतात, की ही माहिती गोळा करणे झाले, संशोधन नव्हे. नेमके काय कमी पडले?

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे आपल्याला कठोर वाटले असेल, पण ते योग्य आहे. प्रश्नावली कोणाच्या हाती पडली, हे आधी पाहा. जे आजही कंपनीचे ग्राहक आहेत त्यांनीच ती भरली; जे सोडून गेले ते आपल्या यादीत नाहीत, आणि आपला विषय तर नेमका सोडून जाण्याचाच आहे.

संख्या वाढवून हा दोष जात नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांपैकी २० लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन निवडून येतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे प्रामुख्याने दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती, म्हणजे मंदीच्या त्या काळात तुलनेने सुस्थितीत असलेल्यांची. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली, हाही प्रश्न होताच. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी मात्र कितीतरी लहान, पण वेगवेगळ्या थरांतून निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता.

दुसरे असे, की समाधान आणि टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाधानी ग्राहकही पुढच्या वेळी दुसरीकडे जातो. म्हणून वर्षभरात पुन्हा खरेदी झाली का, हे बिलांच्या नोंदींवरून मोजावे. सेवा मिळालेले ग्राहक न मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात परत येतील, हे गृहीतक आकडे पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे. आणि कोणता निष्कर्ष आला तर आपण ते सोडून देऊ, हेही त्याच कागदावर लिहावे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी ज्या खंडनक्षमतेवर, म्हणजे दावा चुकीचा ठरवता येण्याजोगा असण्यावर, भर दिला, ती व्यवहारात एवढीच आहे, आणि माझ्या मते प्रकल्पांत सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते.

तुलनेतही एक खाच आहे. कंपनीने ही सेवा आधी जुन्या, निष्ठावान ग्राहकांनाच दिली असेल, तर ते सेवेविनाही राहिलेच असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत वाफ्यांची वाटणी यादृच्छिकपणे, म्हणजे निवड नशिबावर सोडून, करण्याचा आग्रह धरला, तो यासाठीच. कंपनी तयार असेल, तर नव्या ग्राहकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून सेवा द्यावी.

भरलेल्या ३०० प्रश्नावल्या टाकून देऊ नका. सोडून गेलेल्यांची नावे जुन्या बिलांवरून मिळवून त्यांच्यापैकी काहींशी बोला, आणि अहवालात आपल्या नमुन्यात कोण नव्हते हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट नमूद करा.