‘हलके संकट’ कुणी म्हणायचे?

प्रश्न : सलाम, पाळकसाहेब. दीड वर्षापासून माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. पहाटेच्या एसटीने नगर गाठतो, घरी यायला दिवेलागण होते. ते ट्रॅक्टर चालवायचे. आता घर माझ्या शिलाई मशीनवर. मागे प्रार्थनासभेत एक भाऊ म्हणाले, “ताई, विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना बरे झाले असते.” दुसरे म्हणाले, हे तर हलके संकट, सार्वकालिक गौरवाकडे बघा. घरी येऊन मोरीत बसून रडले. माझा विश्वास खरंच कमी आहे का?
– एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : सलाम, ताई. आधी माझीच एक चूक सांगतो. पाळक होऊन दोन वर्षं झाली होती. एका म्हातारीच्या तरण्या मुलाची माती होती. मी तिला म्हणालो, “आजी, रडू नका, तो प्रभूजवळ गेलाय.” तिने तोंडावरचा पदर काढला. “साहेब, मेलेल्या लाजराला उठवणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी तो रडला. मग मला का अडवता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मातीला गेलो की मी कमी बोलतो.

आता ते ‘हलके’. शब्द प्रेषित पौलाचा, बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला, अध्याय ४. पण त्याच पत्रात अध्याय ११ काढा. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, तीनदा जहाज फुटलं. हलके म्हणाला तो स्वतःच्या पाठीवरच्या वळांना. शेजारच्या बाईच्या ओझ्याला हलकं म्हणायचा अधिकार त्याने कुणालाही दिलेला नाही, तुमच्या त्या भावांना तर नाहीच. आणि अध्याय १२ : शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे,” एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मग सार्वकालिक म्हणजे काय? मला वाटतं, डायलिसिसच्या मशीनवरचे चार तास म्हणजे तुमचे मालक नव्हेत. ते देवाचे आहेत आणि देवाचेच राहणार, मूत्रपिंड चालो न चालो. म्हणून त्यांना नुसता पेशंट करू नका. पूर्वी गात असतील तर गायला लावा, पोरांचे हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या.

केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात आई-वडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. जुलै १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळिशीची. बाई स्वतः थकलेल्या, कानांनी अधू. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्या नऊ महिन्यांत त्या रडल्या नसतील, असं मला तरी वाटत नाही.

रडा, ताई. स्तोत्र १३ वाचा, सहाच वचनं आहेत. दावीद तिथे देवाला सरळ विचारतो, कुठवर विसरणार मला?

आणि एक व्यवहाराचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. अजून भेटला नसाल तर याच आठवड्यात. मंडळीच्या पंचांना एसटीच्या भाड्याचं सांगायला लाजू नका, दानपेटी त्यासाठीच असते.

त्या पहिल्या भावाला माझा सलाम सांगा. म्हणावं, एका पहाटे आमच्याबरोबर एसटीत बसा, डबा आम्ही आणू.