जहाज पाण्यात ठेवूनच दुरुस्त का करत नाहीत? त्यासाठी ड्राय डॉक (पाणी उपसून कोरडी करता येणारी गोदी) कशाला लागतो?

बरीचशी दुरुस्ती पाण्यातच होते. इंजिन, क्रेन, डेकवरची कामं धक्क्याला लागूनही उरकतात. पाणबुडे उतरवून जहाजाला पुढे ढकलणारा पंखा घासून घेता येतो. पण सुकाणू उतरवायचं, पंख्याच्या शाफ्टचं सील बदलायचं, समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह खोलायचे किंवा तळाचा झिजलेला पत्रा कापायचा, तर सहसा जहाज कोरड्यावरच घ्यावं लागतं. शिवाय मालवाहू जहाजाच्या तळाची पाच वर्षांत दोनदा तपासणी करावी लागते आणि मधे ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही.

ठाण्यासारख्या ठिकाणी खाडीकाठी भरतीला वर घेतलेल्या होड्या तुम्ही पाहिल्या असतील. ओहोटीला होडी टेकली की बूड खरवडायचं, रंग मारायचा. ड्राय डॉकमध्ये ओहोटी आपण घडवतो: जहाज आत घेऊन दार लावायचं आणि पंपाने पाणी उपसायचं. मुंबईत हे १७५० च्या सुमारापासून चालू आहे, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या काळापासून. नौदलाच्या गोदीत २०१९ मध्ये सुरू झालेला नवा डॉक तर २८१ मीटर लांब आहे.

मी नेरूळचा, चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. पाणी उपसण्याचं मला कधी काही वाटलं नाही, धाकधूक असते ती जहाज टेकताना. जहाज ज्यांवर टेकतं ते ठोकळे, म्हणजे ब्लॉक, जहाजाच्या नकाशाप्रमाणे आधीच मांडलेले असतात, मजबूत सांगाड्याखाली येतील असे. मागची बाजू सहसा किंचित खोल ठेवतात, म्हणून तीच आधी टेकते. तिथपासून पुढची बाजू बसेपर्यंत थोडा भार ब्लॉकवर, बाकीचा पाण्यावर. जहाजाची स्थिरता सगळ्यात कमी होते ती याच वेळात. म्हणून आधीच जहाजातल्या पाण्या-तेलाच्या टाक्या शक्यतो पूर्ण भरायच्या नाहीतर पूर्ण रिकाम्या करायच्या. अर्धवट टाकीतलं पाणी एका बाजूला धावलं तर जहाज कलंडू शकतं. डेकवरचं जड सामानही तेव्हा हलवू देत नाहीत.

पाणी गेलं की खाली शेवाळाचा राडा, तळाला चिकटलेल्या शिंपल्यांचा वास आणि चिखलात तडफडणारे मासे. मग पाण्याचा जोरदार फवारा, ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून गंज काढणं), रंगाचे थर, गंजरोधक जस्ताच्या नव्या वड्या. ब्लॉकखालच्या पत्र्याला मात्र रंग लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी ब्लॉक सरकवून मांडतात. आणि हो, जहाजावरचे संडास बंद! रात्री दोन वाजता शिडी उतरून यार्डात जावं लागतं. याबद्दल पुस्तकात कोणी लिहीत नाही.

बाहेर पडायचं तर डॉकमध्ये पुन्हा पाणी भरतात. त्याआधी टाक्यांच्या तळाची बुचं चीफ ऑफिसर स्वतः मोजून, बसवलेली बघून घेतो. पाणी समुद्राचं पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या वर आलं की भरणं थांबवतात आणि आत कुठे गळतंय का ते तपासतात. तिथे पाझर दिसला तर दार उघडत नाहीत, पाणी परत उपसतात.