उजळ दिसला म्हणजे जुना बर्फ, असं नाही

प्रश्न असा आहे: सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या, आर्क्टिकमधल्या बोफोर्ट समुद्राच्या चित्रात दोन पट्टे सारखेच उजळ दिसतात, तर दोन्ही जुना बर्फ धरायचे का?

नका धरू. सुरुवातीला मी अशीच चूक केली होती. वाऱ्याने खवळलेलं मोकळं पाणी नकाशावर बहुवर्षीय बर्फ (निदान एक उन्हाळा टिकलेला, म्हणजेच जुना) म्हणून रंगवून मोकळा झालो होतो.

रडारला बर्फाचं वय कळत नाही. त्याला कळतं मीठ, हवा आणि खडबडीतपणा. तुम्ही मुंबईतच आहात, तर एकदा पहाटे ससून डॉकवर जाऊन बर्फाची लादी नीट बघा. कडा काचेसारख्या आणि मधला गाभा दुधाळ. तो दुधाळपणा अडकलेल्या बुडबुड्यांचा असतो. बहुवर्षीय बर्फाच्या वरच्या थरातही बुडबुडेच असतात, कारण उन्हाळ्यात खारं पाणी निथळून जातं आणि त्या जागी हवा भरते. सेंटिनेल-१ ज्या सी-बँडवर चालतो, त्याची सुमारे ५.६ सेंटीमीटरची रडार-लहर आत शिरते, बुडबुड्यांवर विखुरते आणि तिचा काही भाग परत येतो. पहिल्या वर्षाच्या बर्फात मीठ असतं, ते लहरीला खोल जाऊ देत नाही. वरून सपाट असेल तर लहर पुढे निसटते आणि तो भाग काळा दिसतो. पण त्याच बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून ढिगारे झाले, की तोही लख्ख उजळतो. फसगत होते ती इथेच.

म्हणून एचएचवर (आडवी लहर पाठवून आडवीच टिपलेलं चित्र) थांबू नका, एचव्ही (आडवी पाठवून उभी टिपलेलं) उघडा. लाटा लहरीचं आडवं-उभं फारसं बदलत नाहीत, त्यामुळे तिथे पाणी बहुधा काळवंडतं आणि जुना बर्फ उजळच राहतो. मात्र आधी उपकरणाचा गोंगाट काढा, नाहीतर त्याचेच पट्टे दिसतील. लहर कोणत्या कोनात खाली पडते तेही तपासा. चित्राच्या ४०० किलोमीटर रुंदीत तो कोन साधारण १९ ते ४७ अंशांपर्यंत बदलतो, आणि एचएचमध्ये जवळच्या कडेला पाणी उगाच उजळ भासतं.

चित्र जुलैचं असेल तर बाजूला ठेवा. रडार ढगांपलीकडे बघतं, म्हणून आपल्या पावसाळ्यात पुराचा नकाशा छान होतो. आर्क्टिकमध्ये मात्र त्या महिन्यात वरचं हिम ओलं होतं, लहर तिथेच अडते आणि नवा-जुना भेद पुसला जातो. जानेवारी-फेब्रुवारीचं चित्र घ्या.

निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाचा एल-बँड (जास्त लांब लहर) वापरू का, असंही विचारलंय. ढिगाऱ्यांसाठी जरूर वापरा. पण २४ सेंटीमीटरच्या लहरीला बुडबुडे फारच बारीक पडतात, त्यामुळे नवा-जुना ओळखायला सी-बँडच बरा.

त्या दोन पट्ट्यांचं एचव्ही चित्र आणि तारीख टाका, मिळून बघू.