गेमचा ‘मॉड’: फेरफार, मोडतोड की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: ‘सुपर मारिओ’ हा व्हिडिओ गेम बदलून अमेरिकी कलावंत कोरी आर्केंजलने केलेल्या ‘सुपर मारिओ क्लाउड्स’ (2002) या कलाकृतीच्या परिचयात ‘कलाकाराने गेममध्ये फेरफार करून ढगांखेरीज सगळे पुसून टाकले’ असं वाक्य आहे. ‘मॉड’साठी, म्हणजे तयार गेम बदलून केलेल्या नव्या रूपासाठी, ‘फेरफार’ चालेल का? आणि लिहायचं मॉड की मोड?

सोपं आधी उरकतो. ‘मॉड’च लिहा. ‘मोड’ लिहिलंत तर गेम खेळणारा ‘मल्टिप्लेअर मोड’मधला मोड समजेल आणि बाकीच्यांना सुटे पैसे किंवा भिजवलेलं कडधान्य आठवेल. तसा ‘मॉड’ मराठीला नवा नाही म्हणा. बेलबॉटमच्या दिवसांत फॅशनेबल पोरापोरींना आपण मॉड म्हणतच होतो. तो ‘मॉडर्न’चा तुकडा, हा ‘मॉडिफिकेशन’चा.

‘फेरफार’ मात्र मला खटकतो. हिशेबात फेरफार, पुराव्यात फेरफार. शब्द आला की लबाडीचा वास आलाच. मॉड बहुधा उघडउघड केलेला असतो आणि पुष्कळदा मूळ गेम करणाऱ्यांनीच त्याला वाट ठेवलेली असते. ‘डूम’ (1993) या गेमचे नकाशे, चित्रं, आवाज वेगळ्या फाइलीत होते, त्यामुळे प्रोग्रॅमला हात न लावता ते बदलता येत. ‘सुधारित आवृत्ती’ तर नकोच. सुधारणा हा कलावंताचा हेतू क्वचितच असतो.

मग ‘मोडतोड’? मॉड आणि मोडणे यांचं नातं फक्त कानाला, पण मोह पडतो खरा. जोडी (JODI) या कलावंतांच्या जोडगोळीचं काम बघा. (योआन हेमस्केर्क आणि डिर्क पेसमन्स, दोघांच्या नावांची पहिली रोमन अक्षरं, Jo आणि Di. मराठीत आल्यावर ती आपोआप ‘जोडी’ झाली, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.) ‘एसओडी’ (1999) मध्ये त्यांनी ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या नेमबाजीच्या गेममधल्या भिंती, दारं, शत्रू काढून काळे, पांढरे, करडे भौमितिक आकार बसवले. आवाज मात्र जुनेच. गोळी सुटल्याचं ऐकू येतं, पण कुणावर सुटली ते कळत नाही. पाहताना सगळं मोडल्यासारखं वाटतं, तरी आपल्याकडे ‘डाव मोडला’ म्हणतात ते इथे घडलेलंच नाही. डाव चालू आहे, खेळता येतो. मोडली आहे ती खेळणाऱ्याची नजर.

आर्केंजलकडे नेमकं उलटं. पडद्यावर निळं आकाश, त्यात सरकणारे ढग. तुटकं-फुटकं काही नाही, पण खेळण्याजोगंही काही नाही. डाव खरोखर मोडला तो इथे.

आणि तुमच्या वाक्यातली खरी चूक ‘फेरफार’ नाहीच, ‘पुसून टाकले’ ही आहे. ‘सुपर मारिओ’च्या कार्ट्रिजमध्ये (गेमच्या यंत्रात खोचायच्या कॅसेटमध्ये) दोन चिप असतात: एकीत प्रोग्रॅम, दुसरीत चित्रांचे तुकडे. आर्केंजलने प्रोग्रॅमची चिप काढून तिथे स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम बसवला, चित्रांची चिप तशीच राहू दिली. म्हणजे गेमचा नायक मारिओ याला कुणी खोडरबराने पुसलेलं नाही. नवा प्रोग्रॅम त्याला बोलावतच नाही. (मूळ गेममध्ये ढग आणि झुडपं एकाच आकृतीची, फक्त रंग वेगळे. हे कळल्यापासून मला तो ढग निव्वळ ढग दिसेनासा झाला आहे.)

चिनी कलावंत फेंग मेंगबोच्या ‘क्यूफोरयू’ला यातलं एकही क्रियापद लागू पडत नाही. 2002 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा 11’ या कलाप्रदर्शनात दाखवलेल्या या कामात त्याने ‘क्वेक थ्री’ गेमच्या आत स्वतःलाच उतरवलं: एका हातात शस्त्र, दुसऱ्यात व्हिडिओ कॅमेरा. पुसणं नाही, मोडणं नाही; सरळ घुसणं.

म्हणून नाम ‘मॉड’च ठेवावं, पुल्लिंगी, ‘तो मॉड’. नेमकं काय केलं ते क्रियापदाला सांगू द्यावं: चिप बदलली, भिंती काढल्या, स्वतःला घुसवलं. तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘गेमच्या कार्ट्रिजमधली प्रोग्रॅमची चिप बदलून केलेला मॉड; पडद्यावर उरतात ते फक्त ढग.’