वाचकांचे प्रश्न : नावापुढची सीसीआरएन ही अक्षरं ठेवावीत का?

प्रश्न : ताई, मी मूळची पुण्याची. बी.एस्सी. नर्सिंग करून न्यू जर्सीला आले, आयसीयूत आठ वर्षं काढली, सीसीआरएन झाले, म्हणजे गंभीर रुग्णांच्या शुश्रूषेचं अमेरिकेतलं प्रमाणपत्र मिळवलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर नाइट झेपेनात, म्हणून दीड वर्षापूर्वी केमोथेरपीच्या इन्फ्युजन सेंटरमध्ये दिवसपाळी घेतली. पुढच्या ऑगस्टअखेर सीसीआरएनचं नूतनीकरण आहे. इथल्या मॅनेजरला त्याचं काही नाही. नवरा म्हणतो, जाऊ दे. मला मात्र सोडवत नाही. तासांचं आणि पॉइंटांचं गणितही नीट उमगत नाही. काय करू?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : आधी गणित मांडू, कारण तुम्हाला वाटतंय तेवढं ते अवघड नाही. सीसीआरएनची मुदत तीन वर्षांची. या तीन वर्षांत गंभीर रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा किमान ४३२ तास झालेली हवी आणि त्यातले १४४ तास शेवटच्या बारा महिन्यांतले हवेत. बारा तासांच्या ड्युटीचा हिशेब धरला तर एकूण छत्तीस ड्युट्या आणि शेवटच्या वर्षात बारा. म्हणजे महिन्याला एक. मुदतीच्या सुरुवातीचे महिने तुम्ही फुलटाइम आयसीयूतच होता, तेव्हा तुमचे ४३२ कधीच भरले. अडलंय ते या शेवटच्या १४४ पाशी. इन्फ्युजन सेंटरमधले तास यात धरले जात नाहीत, तिथे काम कितीही जोखमीचं असलं तरी.

पॉइंट, म्हणजे पुढच्या शिक्षणातून मिळणारे सीईआरपी, एकूण १०० लागतात. विषयांनुसार त्यांचे ए, बी, सी असे गट आहेत. ए गटात किमान ६०, बी आणि सी गटांत किमान दहा-दहा. अनेक जणी ए गटात ढीगभर जमवतात आणि बी-सीमध्ये अडकतात, तेव्हा तुमची यादी आजच गटवार लावून बघा. न्यू जर्सीच्या लायसन्ससाठी दर दोन वर्षांनी तुम्ही ३० तासांचं शिक्षण घेताच. त्यातलं गंभीर रुग्णांशी निगडित जे असेल ते इथेही धरता येतं. प्रत्येक कोर्सचं सर्टिफिकेट जपून ठेवा. अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेस ही संस्था अधूनमधून काही जणींचे कागद तपासायला मागवते, आणि तेव्हा शोधाशोध करून काही मिळत नाही.

पॉइंट कमी पडले तर पुन्हा परीक्षा देऊनही नूतनीकरण होतं. तासांची अट मात्र परीक्षा देणारीलाही चुकत नाही. मला या साऱ्या नियमावलीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुस्तक वाचून उत्तरं येतील, पण रुग्णाला हात लावलेला असलाच पाहिजे.

मुदत का असावी, हे मी आयसीयूत माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. व्हेंटिलेटरवरच्या एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसांना तीव्र सूज येऊन श्वास अपुरा पडलेल्या रुग्णाला एका श्वासात किती हवा द्यायची, याचा मोठा अभ्यास २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. आणि हा किलो काट्यावरचा नव्हे, तर उंचीवरून काढलेला. पाच फूट उंचीची बाई काट्यावर ८० किलो भरली तरी हिशेबाला तिचं वजन साडेपंचेचाळीस किलो धरायचं. सहाच्या दरानं २७३ मिलिलिटर. काट्यावरचं वजन धरलंत तर ४८०, आणि तेवढ्या हवेनं तिची फुप्फुसं फाटत जाणार. म्हणून आम्ही रुग्ण आल्या आल्या टेप घेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत मापायला लागलो. नातेवाइकांना विचारून अंदाजानं उंची लिहायची नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलीला बजावत असे. १९९५ साली उत्तम गुणांनी पास झालेली नर्स यातलं काय सांगू शकली असती?

आता तुमचा निर्णय. आयसीयूत परतायची इच्छा असेल तर जुन्या युनिटला पर डिएमसाठी, म्हणजे लागेल तेव्हाच्या सुट्या ड्युट्यांसाठी विचारा. शनिवार किंवा रविवार, दिवसाची ड्युटी, महिन्यातून एक. त्या दिवशी मुलांकडे नवरा बघेल, त्याला तसं आत्ताच सांगा. मध्ये ओरिएंटेशनच्या, म्हणजे काम पुन्हा समजून घेण्याच्या पाळ्या जातील, म्हणून उन्हाळ्याची वाट बघू नका.

परतायचं नसेल, तर केवळ जीव अडकलाय म्हणून धावपळ करू नका. सीसीआरएन-के नावाचा एक प्रकार आहे, पण तो शिक्षिका, व्यवस्थापक अशांसाठी, ज्यांचं काम गंभीर रुग्णांपर्यंत पोचतं. तुमचं सध्याचं काम त्यात बसत नाही. त्यापेक्षा तुम्ही रोज जे करता त्याचं प्रमाणपत्र घ्या. ओसीएन, म्हणजे ऑन्कॉलॉजीचं. त्याला गेल्या चार वर्षांत प्रौढ कर्करुग्णांसोबतचे २,००० तास लागतात. दीड वर्ष फुलटाइम केलंत, म्हणजे तेवढे झाले असणार. शिवाय ऑन्कॉलॉजीचं दहा तासांचं शिक्षण. फी हॉस्पिटल भरतं का, ते मॅनेजरला लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी भरतात, आपण विचारतच नाही. मी तुमच्या जागी असते तर ओसीएनचा अर्ज भरला असता.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, सहा वर्षं खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत. इन्चार्ज सिस्टर क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा कर म्हणतात. त्याचंही असं नूतनीकरण लागतं का? एक एजंट 'इथूनच सीसीआरएन करून देतो' म्हणतोय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डिप्लोमा जरूर करा. एक वर्षाचा असतो. त्याचं वेगळं नूतनीकरण नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या तुमच्या नोंदणीचं, आणि त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरी करताना घ्यायच्या पुढच्या शिक्षणाचे क्रेडिट तास लागतात. आपल्याकडे विशेष शिक्षणाला मुदत नाही, याची मला खंत वाटते. असायला हवी, आणि त्याचा खर्च हॉस्पिटलनं उचलायला हवा. तोवर निदान बीएलएस आणि एसीएलएस ही हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्याच्या प्रशिक्षणाची कार्डं दर दोन वर्षांनी न चुकता नवी करा. २०१० साली आधी श्वास, मग छाती दाबणं हा क्रमच उलटा झाला, हे कित्येक वॉर्डांत फार उशिरा पोचलं.

डिप्लोमा झाला की कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंद करून घ्या. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, तेही स्वतः तपासा.

एजंटला एक पैसाही देऊ नका. सीसीआरएनच्या परीक्षेला बसायला अमेरिकेतलं चालू आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं लायसन्स लागतं, आणि त्यासाठी आधी एनसीएलईएक्स ही तिथली लायसन्सची परीक्षा पास व्हावी लागते. हे तुमच्याकडे नसताना तो कसलं प्रमाणपत्र देणार आहे, ते त्याच्याकडून लिहून मागा.